काविळीने दाखवलेली वाट

सांधे दुखायला लागले की आपल्याकडे त्याला एकच नाव असते: वात. आजीला वात, शेजारच्या काकूंना वात, पोस्टमन काकांच्या गुडघ्यात वात. थंडी पडली की तो वाढतो, वांगं खाल्लं की वाढतो, आणि अमावास्येला तर वाढतोच वाढतो! उपायही ठरलेले. शेक, तेल, लेप आणि शेवटचा रामबाण उपाय म्हणजे "आता वयोमानाप्रमाणे चालायचंच."

हे काही आपलेच अज्ञान नव्हे. आयुर्वेदातल्या माधवनिदान या ग्रंथात आमवातावर वेगळे प्रकरण आहे. इंग्रजी 'ऱ्हुमॅटिझम' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ 'वाहणे'. शरीरात काहीतरी वाईट वाहत जाऊन सांध्यात साठते, अशी पाश्चात्त्यांचीही समजूत होती. म्हणजे आपण वारा म्हणत होतो, ते प्रवाह म्हणत होते. दुखणाऱ्याला फरक शून्य! १८०० साली पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात लाँद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने नऊ स्त्रियांची हकिगत लिहून ठेवली आणि हा आजार गाउटपेक्षा, म्हणजे राजेरजवाड्यांच्या सांधेदुखीपेक्षा, वेगळा आहे असे म्हटले. १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी त्याला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. नाव मिळाले, पण औषध मिळाले नाही. पुढची जवळजवळ ९० वर्षे अ‍ॅस्पिरिन, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने, विश्रांती आणि गरम पाण्याचे झरे यापलीकडे डॉक्टरांकडे फारसे काही नव्हते.

ही कोंडी फुटली ती आपल्या मिनेसोटात. म्हणून तर हा लेखनप्रपंच!

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना मॉल ऑफ अमेरिका दाखवतो, मिसिसिपीचा उगम दाखवतो, हिवाळ्यात आलेच तर गोठलेल्या तळ्यावर उभे करून फोटो काढतो. पण दक्षिणेला हायवे ५२ धरून साधारण दीड तासावर असलेल्या रोचेस्टरला कुणी हौसेने जात नाही. तिथे जायचे ते आजारी पडल्यावर. मी डॉक्टर नाही, पेशाने केमिकल इंजिनियर. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या कुटुंबाला सोबत म्हणून रोचेस्टरच्या बऱ्याच खेपा झाल्या. तपासण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात जे वाचले, त्यातून ही गोष्ट हाती लागली.

रोचेस्टरची कथाच मुळात वादळातून सुरू होते. १८८३ मध्ये तिथे मोठे चक्रीवादळ आले, गाव उद्ध्वस्त झाले. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या फ्रान्सिस्कन जोगिणींनी डॉ. विल्यम वॉरल मेयो यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही रुग्णालय बांधतो, तुम्ही ते चालवा. १८८९ मध्ये सेंट मेरीज रुग्णालय उभे राहिले. त्यातून वाढलेल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२६ साली सांधेविकारांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे डॉ. फिलिप हेंच यांच्याकडे आली. पिट्सबर्गचा हा माणूस मोठ्या आवाजाचा, तसाच मोठ्या चिकाटीचा होता.

१ एप्रिल १९२९. हेंच यांच्याकडे ६५ वर्षांचे एक गृहस्थ आले, स्वतः डॉक्टर. कित्येक वर्षे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने बेजार झालेले. त्यांनी सांगितले की मला मध्यंतरी कावीळ झाली आणि गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून सांध्यांचे दुखणे, सूज कमी व्हायला लागली. काही दिवसांत मैलभर चालू लागलो. कावीळ उतरली तरी पुढे कित्येक महिने बरे वाटत राहिले.

आता विचार करा, आपल्यापैकी कुणी डॉक्टरला असे सांगितले असते तर? "योगायोग असेल हो" म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावले असते. तेव्हाच्या वैद्यकशास्त्रात हा आजार सुरू झाला की उलट फिरत नाही असेच मानत. शिवाय तारीख १ एप्रिल! पण हेंच यांनी ते कागदावर उतरवले आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली: तुम्हाला कधी आपोआप बरे वाटले होते का? केव्हा? त्यावेळी काय झाले होते?

उत्तरे मिळत गेली. कावीळ झालेल्या इतरांनाही आराम पडला होता. आणि बायकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाळ पोटात होते ते महिने चांगले गेले, बाळंतपणानंतर दुखणे पुन्हा सुरू झाले. कितीतरी जणींनी ही गोष्ट घरी सांगितली असेल आणि घरच्यांनी हसण्यावारी नेली असेल. हेंच यांनी १९३८ मध्ये ती शास्त्रीय निबंध म्हणून छापली.

इथे त्यांचे तर्कशास्त्र बघण्यासारखे आहे. कावीळ पुरुषांनाही होते, म्हणजे गुण देणारा पदार्थ केवळ स्त्रियांच्या शरीरातला नसणार. गर्भारपणात कावीळ नसते, म्हणजे तो निव्वळ पित्तातलाही नसणार. दोन्ही वेळी शरीरात वाढणारा तिसराच काहीतरी पदार्थ असणार. त्याला त्यांनी नाव दिले 'सबस्टन्स एक्स'. तो शोधण्यासाठी त्यांनी रुग्णांना पित्तक्षार दिले, यकृताचा अर्क दिला, काविळीच्या रुग्णांचे रक्तसुद्धा देऊन पाहिले. काही म्हणता काही जमले नाही. अशी अनेक वर्षे गेली.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉइड ग्रंथीतून थायरॉक्सिन वेगळे काढणारे ते हेच. १९३० च्या दशकात ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या मागे लागले होते. खाटिकखान्यातून गुराढोरांच्या ग्रंथी टनावारी आणायच्या आणि त्यातून चिमूटभर स्फटिक काढायचे. मिळालेल्या पदार्थांना त्यांनी ए, बी, सी, डी अशी सरळ अक्षरे दिली. त्यातला एक 'कंपाउंड ई'. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखस्टाइन स्वतंत्रपणे त्याच पदार्थापर्यंत पोचले होते. १९४१ मध्ये हेंच आणि केंडॉल यांच्यात बोलणे झाले की हा 'ई' एकदा संधिवातावर वापरून पाहावा. पण द्यायला तो होता कुठे? एका माणसाला पुरेल एवढाही नव्हता.

मदतीला आले युद्ध, आणि तेही एका अफवेच्या रूपाने. जर्मन वैमानिकांना अ‍ॅड्रिनलचा अर्क टोचतात आणि त्यामुळे ती विमाने फार उंच उडवू शकतात, अशी कंडी पिकली. अमेरिकी सरकारने या हार्मोन्सचे संशोधन अग्रक्रमावर टाकले. मर्क कंपनीच्या लुईस सारेट या तरुण केमिस्टने डिसेंबर १९४४ मध्ये कंपाउंड ई प्रयोगशाळेत बनवले. कच्चा माल? बैलाच्या पित्तातले आम्ल. काविळीवरून सुरू झालेला शोध शेवटी पित्ताच्याच दारात आला. हा मात्र निव्वळ योगायोग!

या सिंथेसिसला छत्तीसएक पायऱ्या होत्या. माझ्यातला इंजिनियर इथे थबकला. प्रत्येक पायरीला ९० टक्के माल हाती लागतो असे धरा, म्हणजे उत्तमच. तरी छत्तीस पायऱ्यांनंतर शंभरातले जेमतेम सव्वादोन उरतात. लोणच्यासाठी शंभर कैऱ्या घेतल्या आणि बरणीत दोन फोडी पडल्या, असा प्रकार. युद्ध संपले तरी हे काम चालू राहिले, आणि १९४८ मध्ये थोडे ग्रॅम हाताशी आले.

त्या वर्षी इंडियाना राज्यातली २९ वर्षांची एक बाई सेंट मेरीजमध्ये दाखल होती. सांधे इतके आखडलेले की अंथरुणातून उठणे मुश्कील. हेंच यांनी आधी तिला औषधाने कावीळ करून बघितली, तीही होईना. पण बाई हट्टी. बरे वाटल्याशिवाय घरी जाणार नाही म्हणाली. २१ सप्टेंबर १९४८ रोजी तिला कंपाउंड ईचे पहिले इंजेक्शन दिले, दिवसाला १०० मिलिग्रॅम. दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरले, ती चालू लागली. २८ तारखेला ती डाउनटाउनला जाऊन तीन तास खरेदी करून आली! डॉक्टरांच्या आलेखांपेक्षा मला हा पुरावा जास्त पटतो.

हेंच यांनी गाजावाजा केला नाही. आणखी रुग्णांवर प्रयोग करून २० एप्रिल १९४९ रोजी मेयोच्याच डॉक्टरांच्या सभेत निकाल मांडले, सोबत एक मूकपट दाखवला. औषधाआधी खुर्चीतून उठू न शकणारी माणसे औषधानंतर जिना चढताना दिसत होती. कंपाउंड ईचे बारसे झाले 'कॉर्टिझोन'. १९५० चे वैद्यकाचे नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना मिळाले. एका रुग्णाच्या बोलण्यापासून एकवीस वर्षे लागली होती.

गोष्ट इथे संपली असती तर सगळे गोड झाले असते. पण इंजेक्शन थांबवले की दुखणे दामदुपटीने परत येई. चालू ठेवले तर चेहरा सुजून गोल होई, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे, मन सैरभैर होई. हेंच स्वतः हा बरा करणारा उपाय नाही असे बजावत होते, पण चमत्काराच्या बातम्यांपुढे ते कोण ऐकतो? १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या एका पद्धतशीर चाचणीने कॉर्टिझोन आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांची तुलना केली. नव्या रुग्णांत वर्षअखेर दोघांत फारसा फरक आढळला नाही.

हे वाचताना मला माझी थोरली आत्या आठवली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी १९७० च्या सुमारास तिच्या हातांची बोटे वाकडी व्हायला लागली होती. कुणीतरी पुड्या आणून द्यायचे. महिनाभरात आत्या जात्यावर बसायला लागली, गाल भरले. "आत्या बाळसं धरतेय," असे घरातले कौतुकाने म्हणायचे. पुड्या आणणाऱ्याने गाव सोडले आणि आठ दिवसांत आत्या अंथरुणाला खिळली. पुढे साधी घसरून पडली, तर मांडीचे हाड मोडले. त्या पुडीत काय होते ते कुणी तपासले नाही, त्यामुळे ठामपणे काहीच म्हणता येत नाही. पण 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या घटना भारतात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. हेंचच्या औषधाची ती चोरवाट. बाळसे नव्हते ते, हे कळायला मला रोचेस्टरला यावे लागले.

खरी गंमत पुढेच आहे. आजार कशाने होतो हे कॉर्टिझोनने सांगितलेच नव्हते. त्या कोड्याचे धागे दुसरीकडे उलगडत होते आणि त्यातले बरेच त्याच १९४८ मध्ये वर आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या पॉल एर्लिश यांनी म्हटले होते की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवर उलटत नाही. निसर्गाला त्याची जणू धास्तीच असते. एर्लिश एवढा मोठा माणूस की कित्येकांनी त्याचा अर्थ 'असे होतच नाही' असा घेतला. पण जानेवारी १९४८ मध्ये मेयोच्याच माल्कम हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी पाहिल्याचे छापले. एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले! पुढच्या दशकात कळले की यामागे स्वतःच्याच केंद्रकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, असतात. ऑस्लोच्या एरिक वॉलर यांनी १९४० मध्ये दाखवले होते की संधिवाताच्या रुग्णाच्या रक्तातले काहीतरी मेंढीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करते. युद्धाच्या धामधुमीत ते मागे पडले. न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोझ यांना १९४८ मध्ये तेच स्वतंत्रपणे सापडले. आज आपण लॅबमध्ये 'आर.ए. फॅक्टर' तपासतो तो हाच.

मग १९५६ मध्ये अमेरिकेत बफेलोला नोएल रोझ आणि अर्नेस्ट वितेब्स्की यांनी सशांत, तर लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि पीटर कॅम्बेल यांनी माणसांत दाखवून दिले की शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. 'ऑटोइम्यून' या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. पहारेकरी घरच्याच माणसांवर काठी उगारतो, असा हा प्रकार. वारा नाही, वाहणे नाही, आणि वांगे तर नाहीच.

आता १९४८ चा शेवटचा धागा. हा आपल्याला जवळचा, कारण तो परदेशी आलेल्या एका भारतीयाचा आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२० च्या दशकात बोस्टनला आले. पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळीची हलकी कामे केली, हार्वर्डमध्ये नावाजलेले संशोधन केले, पण कायमची जागा मिळाली नाही. लेडर्ली कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्लाला शह देणारी औषधे तयार झाली. त्यातले अमिनोप्टेरिन देऊन बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांत तात्पुरता का होईना उतार पाडला; ते जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ वारले. मायदेशी पत्नी होती, पण ते पुन्हा कधी परत गेलेच नाहीत.

१९५१ मध्ये रिचर्ड गबनर यांनी हेच अमिनोप्टेरिन संधिवातावर वापरले आणि गुण आला. पण सगळे जग तेव्हा कॉर्टिझोनच्या मागे धावत होते. त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट तीसएक वर्षे या कामापुरते कोपऱ्यात पडून राहिले. १९८५ च्या चाचण्यांनी त्याची उपयुक्तता पक्की केली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी त्याला परवानगी मिळाली. आठवड्यातून एकदा घ्यायची, स्वस्त अशी ही गोळी आज या उपचारांचा पाया मानली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नियमित रक्त तपासून मात्र. मनाने घ्यायची गोष्ट नव्हे.

पुढे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टी.एन.एफ. नावाचे दाहाचे रसायन रोखून पाहिले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना ते प्रतिपिंड दिले गेले. आज टीव्हीवर ज्या महागड्या इंजेक्शनांच्या जाहिराती सतत दिसतात, त्यांची ही जननकथा. २००३ चा लास्कर पुरस्कार या दोघांना मिळाला.

आणि आपला महाराष्ट्र? पुणे-सोलापूर रस्त्यावरचे भिगवण आपल्याला रोहित पक्ष्यांसाठी माहीत आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा पाहणीसाठी हे गाव निवडले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन साधे प्रश्न विचारले: कुठे दुखते, कधीपासून, कोणते काम अडते? ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडे, स्नायू किंवा सांध्यांचे काही ना काही दुखणे निघाले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला. म्हणजे आत्यासारख्या बायका गावोगाव होत्या, त्यांना कुणी मोजले नव्हते इतकेच.

हेंच यांनी एकेका रुग्णाला विचारले, भिगवणच्या कार्यकर्त्यांनी गावाला विचारले. प्रयोगशाळा, स्फटिक, नोबेल हे सगळे थोरच. पण माझ्यासारख्या सामान्याला यातून जमण्यासारखे काही असेल तर ते हे विचारणे. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त आणि तो बरेचदा तिशी-चाळिशीत, म्हणजे घर, मुले आणि नोकरी यांची ओढाताण चालू असताना गाठतो. 'वयोमानाप्रमाणे' हे उत्तर तिथे लागूच पडत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, हे आता सर्वमान्य आहे.

तेव्हा या दिवाळीत फोनवर आई, सासूबाई किंवा धाकटी वहिनी "जरा सांधे धरलेत गं" असे म्हणाली, तर फराळाच्या गप्पांकडे वळू नका. सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात ते विचारा. तासभर? बोटांची पेरे सुजतात का? दोन्ही हातांची? सहा आठवडे उलटून गेलेत का? उत्तर 'हो' असेल तर पुडी नको, तेलावर भागवणे नको. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घ्यायला सांगा आणि घेतली की नाही ते पुढच्या रविवारी परत विचारा.